सिंगापूर: तांग जहाजाची भांडी बघायला बाबांना न्यायचंय, आखणीत मदत हवी आहे

भट्टीवाल्याची_लेक:

नमस्कार मंडळी. बाबांची सगळी नोकरी टाइल्सच्या कारखान्यात भट्टी सांभाळण्यात गेली. अजूनही कुणाकडे जेवायला गेलो की पानात काय वाढलंय ते बघायच्या आधी ते बशी उलटी करून तिचं बूड बघतात. आईने सांगून सांगून नाद सोडलाय.

त्यांनी सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममधल्या तांग जहाजाविषयी वाचलं, आणि आता दर रविवारी तोच विषय. 1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ पाणबुड्यांना हे जहाज सापडलं. नवव्या शतकातलं, म्हणजे चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातलं, तिथून माल भरून पश्चिमेकडे निघालेलं. आत साधारण 60,000 भांडी! मातीच्या गाळात दबून राहिल्याने बरीचशी धडधाकट निघाली. तर ठरवलंय की पुण्याहून शुक्रवार ते सोमवार जाऊन यायचं. आईबाबा, मी आणि दहा वर्षांचा चिरंजीव.

अडचणी अशा. आईचे गुडघे बोलतात, त्यामुळे जिने आणि पायपीट कमी हवी. आम्ही शाकाहारी. मुलगा संग्रहालय म्हटलं की जांभई देतो. बाबा मात्र एकेका वाडग्यापुढे अर्धा तास उभे राहणार. म्युझियम कोणत्या दिवशी ठेवू? राहायचं कुठे? आणि फक्त या एका दालनासाठी एवढा खर्च, हा वेडेपणा तर नाही ना? युनिव्हर्सल स्टुडिओ वगैरे सुचवू नका, ते झालंय.

बुगीसकर:

वेडेपणा अजिबात नाही. मी इथे बरीच वर्षं आहे, पाहुणे आले की तिकडे नेतोच. ते दालन कायमस्वरूपी आहे, त्यामुळे प्रदर्शन संपेल म्हणून घाईने तिकिटं काढू नका. शिवाय ते तळमजल्यावर, नदीच्या बाजूला आहे. काकूंना जिना चढायचं कारण नाही.

म्युझियम शुक्रवारी रात्री 9 पर्यंत उघडं असतं, एरवी 7 पर्यंत. सकाळी पोचत असाल तर दुपारी झोप काढा आणि संध्याकाळी जा, गर्दी कमी असते. पण बाबांना एकदा नेऊन भागणार नाही, असा माझा अंदाज आहे. शनिवारी सकाळी त्यांना एकट्याला परत सोडा. स्वयंसेवक मोफत माहिती देत फिरवतात, त्यांच्या वेळा संकेतस्थळावर बघून ठेवा.

लिटल इंडियात राहावंसं वाटेल, पण मी बुगीस सुचवेन. बुगीसहून रॅफल्स प्लेस, म्हणजे म्युझियमजवळचं स्टेशन, दुसरंच आहे, गाडी बदलायची नाही. लिटल इंडियाहून निघालात तर धोबी घाटला गाडी बदलावी लागते आणि तिथली आतली चाल गुडघ्यांना महागात पडते. जेवायला डाउनटाउन लाइनने लिटल इंडिया दोन स्टेशनं. सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, 1947 पासूनचं. पोटाची काळजी मिटली.

जुनी_वही:

ताई, बाबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे नेमकं काय बघायचं ते कळेल. मालात बहुतांश वाडगे हूनान प्रांतातल्या चांगशाच्या भट्ट्यांमधले आहेत. वाडग्याचा काठ चार ठिकाणी तपकिरी लेपात बुडवलेला असतो. त्यामुळे मधे चौकोनासारखी फिकट जागा उरते आणि तेवढ्यात कारागिराने पटापट पक्षी, फुलं, ढग काढलेत. तपकिरी रंग लोहाचा, हिरवा तांब्याचा, वरून पारदर्शक झिलई. काहींवर अरबीसारखी दिसणारी अक्षरं आहेत, कारण गिऱ्हाईक पश्चिमेचं. हजारोंनी काढलेलं काम आहे, तरी एक पक्षी दुसऱ्यासारखा नाही. मला यातच गंमत वाटते, त्याच जहाजातल्या सोन्याच्या पेल्यापेक्षाही जास्त.

एका वाडग्यावर भाजण्याआधी तारीख कोरलीय, ती इसवी सन 826 ची निघते. त्यावरूनच जहाजाचा काळ ठरवायला मदत झाली. आणि पांढऱ्यावर निळी नक्षी असलेल्या तीन ताटल्या चुकवू नका. चीनमधल्या अखंड निळ्या-पांढऱ्या भांड्यांपैकी या सर्वात जुन्यांत गणल्या जातात. अशा भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिंग राजवटीच्या कितीतरी आधीच्या!

चिरंजीवांसाठी: मोठ्या रांजणांत वाडगे गोल गोल रचून भरले होते, एकेका रांजणात शंभराहून जास्त. किती मावतील याचा अंदाज आधी त्याला बांधायला लावा. शिवाय मीटरभर उंचीची एक सुरई आहे, तिच्या झाकणाला ड्रॅगनचं तोंड. तिच्यापुढे जांभई येणार नाही.

अर्धा_कप:

सगळे कौतुक करताय म्हणून एक वेगळी बाजू. ते जहाज एका खाजगी कंपनीने उपसलं आणि माल विकला गेला. अशा कामात जहाजाविषयीची कितीतरी माहिती कायमची हरवते, असा पुरातत्त्व अभ्यासकांचा आक्षेप होता. त्यामुळेच वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात होणारं या मालाचं प्रदर्शन 2011 मध्ये लांबणीवर टाकलं गेलं. जाऊ नका असं म्हणत नाहीये. माल फुटकळ न विकता एकत्र राहिला हेही खरंच. फक्त बाबांशी बोलताना हेही असू द्या.

आणि पुण्याहून मुंबई जवळच आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, बरीच नंतरच्या काळातली. आधी ती बघून गेलात तर बाबांना फरक डोळ्यांनी दिसेल. आईंच्या गुडघ्यांचीही रंगीत तालीम होईल.

भट्टीवाल्याची_लेक:

किती छान माहिती! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. लोह आणि तांब्यावर त्यांनी लगेच "भट्टीत हवा किती सोडली त्यावर आहे सगळं" असं व्याख्यान सुरू केलं. शुक्रवार संध्याकाळ पक्की, बुगीस पक्कं. रविवारचं काय करू?

बुगीसकर:

सकाळी तेलोक आयर. स्टेशनपासून जवळच थियान हॉक केंग देऊळ, माझूचं, म्हणजे खलाशांना सांभाळणारी देवी. 1842 मध्ये पूर्ण झालं तेव्हा समुद्र तिथवर होता, सुखरूप उतरलेले लोक आधी तिला हात जोडायचे. त्याच रस्त्यावर तमिळ मुसलमानांचा नागोर दर्गा. बुगीसहून थेट गाडी आहे.

आणि बाबांसाठी खास: जुराँगच्या बाजूला थाव क्वांग म्हणून कुंभारांची जागा आहे, तिथे 1940 ची ड्रॅगन भट्टी अजून उभी आहे. उतारावर बांधलेली, विटांची लांबलचक, लाकडावर चालणारी. चांगशाच्या भट्ट्याही याच जातीच्या. बुगीसहून बून ले पर्यंत गाडी न बदलता जा, पुढे टॅक्सी. उघडी असल्याची आधी खात्री करा.

व्हिसा एजंटकडून वेळेत करा. अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचं, ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

भट्टीवाल्याची_लेक:

भट्टी ऐकून बाबा उठून बसले! आता म्युझियम राहिलं बाजूला, आधी भट्टी म्हणतायत. एकच शंका, तिथून परतताना टॅक्सी मिळते का? आईला उन्हात उभं करायचं नाहीये.

बुगीसकर:

रस्त्यावर हात दाखवून मिळणं कठीण, तो भाग आडबाजूला आहे. निघायच्या पंधरा मिनिटं आधी ॲपवरून बोलवा. आणि जाताना भांडी घ्यायला जागा ठेवून बॅग भरा, तिथलं दुकान मोठं आहे.