एड्सची स्मृती-गोधडी: शोकाने लढा मवाळ केला का?

अनवट:
नोव्हेंबर १९८५. समलिंगींच्या हक्कांसाठी लढलेले तिथले नगरसेवक हार्वी मिल्क यांच्या स्मृतिदिनी सॅन फ्रान्सिस्कोत मेणबत्ती मोर्चा निघाला होता. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने लोकांना सांगितलं, एड्सने गेलेल्या आपल्या माणसांची नावं पुठ्ठ्यांवर लिहा. ते पुठ्ठे तिथल्या फेडरल इमारतीच्या भिंतीवर चिकटवले, तेव्हा सगळी भिंत ठिगळं जोडलेल्या गोधडीसारखी दिसायला लागली. तिथून एड्स स्मृती-गोधडीची कल्पना निघाली. प्रत्येकासाठी ३ फूट बाय ६ फुटांचा एक तुकडा, म्हणजे माणूस पुरायला लागते साधारण तेवढी जागा. असे आठ तुकडे जोडून १२ फुटांचा चौकोन करतात. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या मोठ्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५० हजार आहेत, वजन ५४ टन.

इतकी मोठी लोकस्मृती सरकारी पैशातून उभी राहिली नसती असं माझं ठाम मत आहे. त्या काळी कित्येक ठिकाणी अंत्यसंस्कार करणारे लोक एड्सचं प्रेत घ्यायला तयार नसत. घरचे मृत्यूचं कारण लपवत. ज्याने वर्षभर उशाशी बसून सेवा केली त्या जोडीदाराला अंत्यविधीला उभं राहू देत नसत. त्याने मग गेलेल्याची जीन्स, शर्टाची बटणं, पत्रं, कधी चिमूटभर राखसुद्धा कापडात शिवली आणि राजधानीत मोठ्याने नाव वाचलं. अध्यक्ष रेगन यांनी या रोगावरचं पहिलं मोठं भाषण ३१ मे १९८७ ला केलं, तोवर २० हजारांवर अमेरिकन गेले होते. अशा वेळी नाव घेणं हाच लढा होता.

कडुलिंब:
अनवट, शिवणाऱ्यांच्या दुःखाबद्दल एक शब्दही वावगा बोलणार नाही. पण गोधडीने काय साधलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. रेगन ती बघायला आले नाहीत, थोरले बुशही आले नाहीत. क्लिंटन दांपत्य आलं ते १९९६ मध्ये, नवी औषधं हाती आली त्याच सुमारास. अध्यक्षाला मॉलवर यायला नऊ वर्षं लागली.

औषधं लवकर मिळू लागली ती ‘अ‍ॅक्ट अप’ या एड्सविरोधी लढाऊ संघटनेच्या लोकांनी रस्ते अडवले म्हणून. ११ ऑक्टोबर १९८८ ला त्यांनी मेरीलँडमधल्या रॉकव्हिल इथे, नव्या औषधांना मंजुरी देणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाच्या इमारतीला घेराव घातला. त्या दिवशीचं डेव्हिड वोयनारोविच या चित्रकाराचं छायाचित्र जरूर शोधून बघा. पाठमोरा उभा आहे, आणि जाकिटाच्या पाठीवर लिहिलंय: मी एड्सने मेलो तर पुरू नका, माझं प्रेत या प्रशासनाच्या पायऱ्यांवर टाका. अधिकाऱ्याला जबाबदार धरणारी ही भाषा गोधडीवर क्वचितच दिसते. तिथे फुलं आहेत, इंद्रधनुष्य आहे, टेडी बेअर आहेत. मरण इतकं सुंदर दिसलं की बघणारा डोळे पुसतो आणि घरी जातो. कोणामुळे मेले, हे विचारायचं राहूनच जातं.

बे-एरियाकर:
कडुलिंब, तुम्ही दिलेल्या तारखेच्या तीनच दिवस आधी, ८ ऑक्टोबरला, व्हाइट हाउससमोरच्या एलिप्स मैदानावर गोधडी अंथरली होती. आठ हजारांवर तुकडे होते. गोधडीसाठी देशभरातून आलेल्यांपैकी बरेच जण मुक्काम वाढवून रॉकव्हिलला गेले. शनिवारी नावं वाचणारे मंगळवारी पोलिसांच्या गाडीत होते. माणसं तीच. शिवणाऱ्यांचा आणि रस्ता अडवणाऱ्यांचा असे दोन गट पाडून आपण त्यांच्यावर अन्याय करतो.

गोधडी उलगडताना मी पाहिली आहे. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घडीभोवती गोल उभे राहतात. एकेक जण कोपरा धरून बाहेर ओढतो, मग सगळे मिळून ती वर उचलतात, थोडी फिरवतात आणि जमिनीला टेकवतात. माईकवर नावं चालू असतात. वाचणारा शेवटी आपल्या माणसाचं नाव घेतो तेव्हा बहुतेकांचा आवाज फुटतो. तिथून कोणी नुसते डोळे पुसून घरी जात असेल, हे मला पटत नाही.

कडुलिंब:
मग १९९२ चं काय? ११ ऑक्टोबरला मॉलवर गोधडी होती आणि त्याच दिवशी काही जणांनी आपल्या माणसांच्या अस्थी व्हाइट हाउसच्या कुंपणातून हिरवळीवर टाकल्या. कापड पुरत नव्हतं म्हणूनच ना?

सांगलीकर:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे. नव्वदच्या दशकात आमच्या भागात ट्रकवर जाणारी तरणी पोरं गेली. शेजारच्या घरातला एक गेला तेव्हा ‘टीबीनं गेला’ असंच सांगितलं. त्याचं अंथरूण, पांघरूण, आईने शिवलेली वाकळ, सगळं ओढ्याकाठी जाळलं. पोराच्या अंगावरचा एक सदरासुद्धा घरात ठेवला नाही. मागे बायको आणि दोन लेकरं. कोणी त्याचं नाव कापडावर शिवून चौकात अंथरलं असतं, तर त्या बाईला गावात राहू दिलं नसतं. अनवट, तुम्ही म्हणता नाव घेणं हा लढा. मान्य, पण त्याची किंमत मेलेला देत नाही, मागे राहिलेली देते. तिला विचारल्याशिवाय तिच्या नवऱ्याचं नाव कोणी शिवू नये.

अनवट:
सांगलीकर, हा मुद्दा कडुलिंब यांच्या मुद्द्याहून जड आहे. त्या गोधडीतही काही तुकड्यांवर फक्त पहिलं नाव किंवा आद्याक्षरं आहेत, ती याच भीतीपोटी. पण ते तुकडे पूर्ण नावांच्या शेजारीच शिवले आहेत, आणि बघणाऱ्याला न सांगता कळतं की इथे कोणाला तरी अजून भीती वाटते आहे. आडनाव नसलेला तुकडा गावाकडेच बोट दाखवतो. म्हणून तुमच्या शेजाऱ्यालाही जागा हवी होती, त्याच्या बायकोला चालेल तेवढ्याच अक्षरांत.

टाका:
गोधडी नुसती हळवी आहे असं वाटणाऱ्यांनी रॉय कोहन यांचा तुकडा आठवावा. पन्नासच्या दशकात कम्युनिस्टांच्या नावाने लोकांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीचे उजवे हात, समलिंगी लोकांना सरकारी नोकऱ्यांतून हुसकावण्यात पुढे, आणि स्वतः १९८६ मध्ये एड्सने गेले. मरेपर्यंत यकृताचा कॅन्सर आहे असंच सांगत राहिले. त्यांच्या तुकड्यावर तीन शब्द आहेत: गुंड. भेकड. बळी. ज्याने कोणी ते शिवलं त्याने माफ केलेलं नाही आणि तरी वगळलेलंही नाही. दगडी स्मारकाच्या समितीने हा मजकूर पास केला असता का? मला तर वाटतं, हाताने शिवणाऱ्यालाच एवढं खरं लिहिण्याची मुभा मिळते.

कडुलिंब:
टाका, हा तुकडा मला माहीत नव्हता, आणि तो जोरदार आहे. तरी हिशेब मांडतो. अमेरिकेत एड्सने ७ लाखांहून जास्त माणसं गेली. गोधडीवर नावं आहेत १ लाख १० हजारांच्या आसपास. उरलेले कोण? ज्यांच्यामागे शिवायला वेळ, कापड, मित्र नव्हते ते. कृष्णवर्णीय, गरीब, तुरुंगातले, सुईने नशा करणारे. लोकांच्या हौसेवर सोडलेल्या स्मारकात ज्याला गोतावळा आहे त्यालाच जागा मिळते.

बे-एरियाकर:
ही उणीव गोधडीवाल्यांनाही दिसली, म्हणून ‘कॉल माय नेम’ नावाने कृष्णवर्णीयांसाठी शिवणाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. तुकडे आजही स्वीकारतात. गर्ट मॅकमलिन १९८७ पासून ही गोधडी दुरुस्त करत आल्या आहेत. करोनात त्यांनी उरलेल्या कापडाचे मास्क शिवून दिले. हौस इतकी वर्षं टिकत नाही.

सांगलीकर:
करोनाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आपल्याकडे २०२१ च्या उन्हाळ्यात कितीतरी जणांना शेवटचं तोंडही बघू दिलं नाही. तालुक्यातल्या बचत गटांकडे शिलाई मशीन आहेत, जुनी लुगडी घरोघरी आहेत. असं काही करावं का? नावं घरच्यांना विचारून.

कडुलिंब:
करा. पण नावाबरोबर तारीख आणि बेड मिळाला होता की नाही, तेही शिवा. तेवढं असेल तर पहिला तुकडा मी देतो, माझ्या मामांचा.