कौशल्ये शिकवायची, पण कशाच्या आधारावर?

खडूफळा: ‘माहिती फोनवर मिळतेच, तेव्हा शाळांनी विषयांचे ओझे उतरवून चिकित्सक विचार, सर्जनशीलता आणि सहकार्य शिकवावे’, असे कालच्या लेखात ठामपणे म्हटले आहे. आजची ६५ टक्के मुले अद्याप अस्तित्वातच नसलेल्या व्यवसायांत जातील, हा त्याला दिलेला आधार. हा आकडा २०१६ मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या अहवालातही आला होता, पण त्यामागचा मूळ अभ्यास शोधणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. मला अधिक खटकते ती विषयाच्या ज्ञानाशिवायही विचार करायला शिकवता येते, ही लेखामागची समजूत. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाचा पट ५ सेकंद दाखवून मांडणी आठवून लावायला सांगितली, तेव्हा खऱ्या डावातली मांडणी निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अचूक लावली. मोहरी वाटेल तशी ठेवल्यावर मात्र तो फरक जवळजवळ उरला नाही. म्हणजे निष्णाताचे कौशल्य ओळखीच्या मांडण्यांच्या ज्ञानावर उभे होते. ज्याला टक्केवारीच उमगलेली नाही, त्याने बातमीतल्या आकड्यावर शंका घ्यावी तरी कशी?

रेवा: प्रयोग मान्य, पण त्यावरून शाळा आहे तशीच ठेवावी हे कुठे सिद्ध होते? माझ्या मुलीला क्षेत्रफळाची सूत्रे तोंडपाठ होती. कोपऱ्यातून लहान आयत कापून काढलेल्या आयताची आकृती समोर आली, तेव्हा ‘हे आम्हाला शिकवलेलं नाही’ म्हणून तिने वही मिटली. त्या आकृतीचे दोन आयत करता येतात, हे तिला कोणी करूनच पाहू दिले नव्हते.

पश्चिमवारा: सहकार्याबद्दल कोणीच कसे बोलत नाही? जलचक्राचा तक्ता चौघांच्या गटाला दिला, माझ्या मुलाने तो रात्री जागून एकट्याने केला आणि गुण चौघांना सारखे मिळाले. तो यातून एवढेच शिकला की, काम करणाऱ्यावरच काम पडते.

रेवा: हा दोष गटकार्याचा नसून गुण देण्याच्या पद्धतीचा आहे. एका कडू अनुभवावरून सगळे मोडीत काढू नका.

पश्चिमवारा: एका? घरोघरी पालक प्रकल्प रंगवत बसतात, हे तुम्हाला ठाऊक नाही? निदान लेखी परीक्षेत मूल स्वतः लिहिते.

सहावी तुकडी: मी शिकवते, म्हणून लिहिते. प्रकल्प झाल्यावर मी प्रत्येक मुलाला तक्त्यातल्या एका बाणावर बोट ठेवून ‘इथे पाणी वर का गेलं?’ असे विचारते आणि गुण त्या उत्तराला देते. ज्याने फक्त रंग भरले, तो तिथे अडतो. मग त्याला गटातलाच दुसरा समजावतो, आणि खरे सहकार्य तेव्हा घडते. पण याला तीन-चार तासिका लागतात. अभ्यासक्रम वेळेत संपवण्याची सक्ती कायम ठेवून वर कौशल्यांचा आणखी एक रकाना भरायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पश्चिमवारा: असे विचारले जात असेल तर माझी तक्रार नाही. आमच्याकडे कोणी विचारले नाही.

खडूफळा: रेवा, सरावाचा मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. मात्र पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये सर्जनशील विचाराच्या भागात ६० पैकी ४१ गुणांनी पहिले आलेले सिंगापूर गणितातही पहिलेच होते, त्यामुळे विषय कमी करा हे मी मान्य करणार नाही.

रेवा: विषय कमी करा असे मी म्हटलेलेच नाही. धडे कमी करा आणि उरलेल्या प्रत्येक धड्यावर अनोळखी प्रश्न सोडवायला वेळ द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

खडूफळा: मग कोणते धडे गाळायचे, ते आधी सांगा.