कॉर्बेटच्या गोष्टींतल्या जागा इतक्या वर्षांनी सापडतात कशा?

रानमांजर_०७

शाळेत असताना कॉर्बेट, नरभक्षक वाघ-बिबटे मारणारा आणि त्यांच्या गोष्टी लिहिणारा शिकारी, वाचला होता, पुठ्ठा निघालेली ग्रंथालयाची प्रत. परवा पुन्हा हातात घेतला आणि त्या नादात कळलं की जिम कॉर्बेटवर काम करणाऱ्या हौशी मंडळींचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. त्यात ऑस्ट्रेलियात राहणारे मूळचे जॉर्जियाचे संगीत-अभ्यासक जोसेफ जॉर्डानिया आहेत, आपल्याकडचे आहेत, आणखी कुठकुठले आहेत. ही मंडळी उत्तराखंडातल्या कुमाऊंत जाऊन नरभक्षक जिथे पडला ती घळ, तो दगड, ती वाट हुडकत फिरतात.

माझी शंका साधी आहे. चौगढची नरभक्षक वाघीण कॉर्बेटने मारली ११ एप्रिल १९३० रोजी. त्यावरून नव्वदहून जास्त पावसाळे गेले. आमच्या गावचा ओढा दोन वर्षांत अंग बदलतो. मग "हीच ती जागा" हे ठरवायचं कशावरून? की वाटाड्या म्हणेल ती पूर्व दिशा? तिकडे कुणी गेलं असेल तर सांगा.

शंकूसाखळी

मी गेलोय. आणि धंद्याने भूकरमापक, सातारा जिल्ह्यात ३४ वर्षं मोजण्या केल्या, आता निवृत्त. "बांध आधी कुठे होता" या एका प्रश्नावर उभी नोकरी गेली, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मोजणीला गेल्यावर शेतकरी बोट दाखवील तिथून आम्ही कधीच सुरुवात करत नाही. आधी कायम खुणा धरायच्या. जुनी विहीर, देऊळ, ओढ्यांचा संगम, हद्दीचा दगड. तीन-चार खुणा नकाशाशी जुळल्या की मग आत शिरायचं. कॉर्बेटच्या जागांनाही हाच न्याय. काला आगरचा फॉरेस्ट बंगला, दलकानिया गाव, मधली डोंगराची धार, हे सगळं जागच्या जागी आहे. ठाकच्या वाघिणीच्या, म्हणजे दुसऱ्या एका गोष्टीतलं चुका गाव शारदा आणि लधियाच्या संगमाजवळ. संगम काही कुणी उचलून नेत नाही.

मग येतात अंतरं, आणि इथे माणसं फसतात. कॉर्बेटसाहेब मैल, फर्लांग, यार्ड सगळं सांगतात, पण हे अंतर चढ-उताराच्या पायवाटेने चाललेलं, आणि लिहिलेलं कितीतरी वर्षांनी. वाघीण पडली १९३० ला, पुस्तक निघालं १९४४ ला (आपल्या मुंबईतून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून). माझा जबाब घेण्याचा अनुभव असा की माणूस अंतर चुकतो, वस्तू सहसा चुकत नाही. "चिंचेपासून पन्नास पावलं" असं कुणी सांगितलं तर पन्नास सोडायचे आणि चिंच धरायची.

चौगढच्या गोष्टीतली चिंच म्हणजे एक शिळा. साहेब घळीतून खाली उतरतायत. उजव्या हातात हलकी .२७५ ची रायफल, डाव्या हातात पाखराची दोन अंडी. पाखरू म्हणजे आपल्याकडच्या रातव्याचा भाऊबंद. वाटेत एक शिळा एका लांब कडेवर उभी, जरा कललेली, राक्षसाच्या पोराची शाळेतली पाटी असावी तशी, खालच्या अंगाला दोन फूट जाड. तिला वळसा घालून पुढे झाले, उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, तर आठ फुटांवर वाघीण त्यांच्याकडेच बघत पडलेली. अंडी तशीच हातात, गोळी एका हाताने झाडली.

आमची मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, एकेका भागाला आणा म्हणतात. म्हणजे आठ फूट हे चार आण्यांना तीन इंच कमी. हे मी घरी मोठ्याने म्हणालो तेव्हा सौ. म्हणाली, "चार आण्यांत वाघीण, स्वस्त पडली." तिला ती गोष्ट तेव्हापासून पाठ आहे.

तर ही शिळा शोधायला २०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं आणि भाचा काठगोदामहून जीप करून निघालो. मुक्काम एका गावात. सकाळी शेरडं वळणारा एक पोरगा बरोबर आला. पहिल्या घळीत त्याने एक पाटीसारखा दगड दाखवला, "साहबवाला पत्थर." दुसऱ्या घळीतही तसाच एक, तोही साहबवाला. पोरगं खोटं बोलत नव्हतं. आपण इतक्या लांबून आलोय, मोकळ्या हाताने पाठवायचं कसं, एवढाच त्याचा हिशेब. तिसरा दगड मात्र मला बघताक्षणी पटला. कल बरोबर, खाली वाळू, पलीकडे बसायला जागा. मी टेप काढला, लांबी घेतली, उंची घेतली, वळसा घालून आठ फूट टाकले. भाच्याने मला वाघिणीच्या जागी बसवून फोटोही काढला.

रात्री तो पुस्तक उघडून म्हणतो, "मामा, जाडी किती भरली?"

जाडी मी मोजलीच नव्हती. ज्या एका मापाचा आकडा साहेबांनी दिलाय तेच. सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून परत उतरलो. नऊ इंच!

आणि तिथे उभ्या उभ्या मी भाच्याला काय सांगितलं असेल? "खाली गाळ भरलाय, जाड भाग जमिनीत गेला असणार." ऐकायला ठीक, पण उकरून न बघता बोललेलं. हाताखालच्या पोरांनी असलं टिपण आणलं असतं तर मी तोंडावर परत केलं असतं. जागा एकदा मनात बसली की पुरावा तिच्याकडे वाकायला लागतो. म्हणून मला त्या गटाचं एक आवडतं. २०१६ साली त्यांच्यातल्या काही जणांनी मिळून जे पुस्तक काढलं, त्याच्या नावातच "अनुत्तरित प्रश्न" असे शब्द आहेत. मोजणीच्या नकाशावर तुटक रेघ मारायला धाडस लागतं, पक्की रेघ कुणीही ओढतो.

आणखी एक अडचण नावांची. साहेबांच्या इंग्रजीत मुक्तेश्वरचं "मुक्तेसर" होतं, गुलाबरायचं "गोलाबराय". परदेशातून आलेल्या माणसाने ते जसंच्या तसं म्हणून विचारलं तर गावकरी मान हलवणार. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव आणि शिवारात दुसरं असतं, तसलंच. तिथलं बोलणारा कुणी सोबत नसेल तर काम पुढे सरकत नाही.

कागदही कामाला येतात, पण कागद म्हणजे दर वेळी कागदच असं नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण कॉर्बेटने मारली ते साल १९०७, हे कशावर आहे? संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्युएट यांनी त्या कामगिरीबद्दल कॉर्बेटना रिग्बी कंपनीची रायफल भेट दिली, तिच्या दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर ते कोरलंय. हीच ती .२७५. म्हणजे चौगढच्या घळीत एका हातात धरलेली रायफल स्वतःच एक दस्तऐवज आहे.

चौथा_कडा

काका, लिहिलंय झकास. पण एक खुपतं. साहेब कुठे बसला, साहेबाने कुठून गोळी झाडली, यासाठी जगभरातून माणसं येतात. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं खाल्ली. ती माणसं कुठे पडली हे कोण शोधतंय? आणि आधी बंदूक, मग "वन्यजीवांचा तारणहार", हा प्रवास मला फार सोयीचा वाटतो.

शंकूसाखळी

खुपतंय ते बरोबर जागी खुपतंय. चंपावतला हाकाऱ्याला २९८ माणसं होती हा आकडा गोष्टीत आहे. माणसं मोजली, नावं नाहीत. आमच्या साध्या बांधाच्या पंचनाम्यावर पाच पंचांची नावं आणि अंगठे असतात. त्या गावांमध्ये आज जे म्हातारे आजोबांकडून ऐकलेलं सांगतात, ते कुणीतरी नाव-गावासकट उतरवून घेतलं पाहिजे. दगड थांबेल, म्हातारे थांबणार नाहीत. मी स्वतः तिकडे जाऊन दगडच मोजत बसलो, हेही कबूल.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी जमत नाही. "आधी बंदूक, मग तारणहार" असा एका रात्रीत पालट नाही तो. चौगढ १९३०, ठाकची वाघीण १९३८. आणि मधेच १९३६ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, हेली नॅशनल पार्क, त्यासाठी खटपट करणाऱ्यांत हाच माणूस. कॅमेरा घेऊन वाघांमागे फिरणंही त्याच काळातलं. दोन्ही एकदमच चाललं होतं. त्या उद्यानाला त्यांचं नाव मिळालं १९५७ ला, ते गेल्यावर.

माहेरची_वाट

आम्ही यात्रा कंपनीबरोबर बद्री-केदार केलं तेव्हा रुद्रप्रयागच्या अलीकडे गुलाबरायला ड्रायव्हरने गाडी पाच मिनिटं थांबवली होती. बिबट्या मारल्याची पाटी आहे, २ मे १९२६. आमच्या बसमधल्या निम्म्या बायका चहा शोधत होत्या. मी मात्र उभी राहिले. आठ वर्षं, १२५ माणसं, आणि त्याच वाटेने अनवाणी जाणारे यात्रेकरू. संध्याकाळचे सहा वाजले होते, तिथे अंधार पटकन पडतो हो. शंकूसाखळीभाऊ, तिथली जागा शोधावी लागली नाही, कारण ती यात्रेच्या रस्त्यालाच आहे. चौगढची घळ आडरानात, म्हणून हा सगळा खटाटोप, असंच ना?

शंकूसाखळी

अगदी तसंच, ताई. रस्त्याकडेचा बांध कधी वादात जात नाही.

न्येरीकर

नैरोबीहून. नोकरीनिमित्त इथे आहे, गाव मूळचं चिपळूणजवळ. कॉर्बेटचा शेवटचा मुक्काम बिनवादाचा, इथल्या केनियातल्या न्येरी गावच्या सेंट पीटर्स चर्चचं कबरस्तान; गेले ते १९ एप्रिल १९५५ ला. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांची कबरही तिथेच. दोघांचं घरही एकच, आउटस्पॅन हॉटेलच्या आवारातलं "पॅक्स्तू". बेडन-पॉवेलसाठी बांधलेलं, पुढे कॉर्बेट आणि बहीण मॅगी तिथे राहिली. काका, इकडे आलात तर टेप आणू नका, कबरीवर पाटी आहे.

रानमांजर_०७

सगळ्यांचे आभार. चिंच धरायची आणि पन्नास सोडायचे, हे लक्षात ठेवीन. एक राहिलंच. ती दोन अंडी? गोळी एका हाताने झाडली म्हणता, मग अंडी फुटली असतील.

शंकूसाखळी

नाही, फुटली नाहीत. उलट अंडी हातात होती म्हणून झटका देता आला नाही, रायफल हळूहळू फिरवावी लागली, आणि म्हणूनच वाघीण हलली नाही, असं ते स्वतः म्हणतात. वाघीण पडल्यावर आधी मागे जाऊन अंडी होती तिथे ठेवली, तेव्हा ती अजून गरम होती. घरटं म्हणजे तरी काय, खडकातला खळगा. अर्ध्या तासाने त्याच वाटेने आले तर अंडी दिसेनात. पाखरू वर येऊन बसलं होतं, आणि रंग खडकाशी असा मिळालेला की नेमकी जागा ठाऊक असूनही साहेबांना ते चटकन दिसेना.