पूर्वपक्ष दोन ओळींत उरकू नका

लेखात पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या मुद्द्याच्या विरोधातलं मत, लिहिलं की आपलाच मुद्दा लंगडा पडतो, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वाचकाच्या मनात शंका असतेच. तुम्ही ती लिहिली नाहीत तर ती तिथेच राहते, शिवाय तुम्ही अभ्यास केला नाही असंही त्याला वाटतं.

डार्विनचंच बघा. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मधलं सहावं प्रकरण त्याने स्वतःच्या सिद्धांतावरच्या अडचणींना दिलं. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव नैसर्गिक निवडीतून घडला हे म्हणणं हास्यास्पद वाटतं, ही कबुली आधी. मग साध्यापासून जटिल डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या प्राण्यांमध्ये सापडतात, हे उत्तर.

अडचण होते ती मांडणीत. 'काही लोक गृहपाठ हवा म्हणतात, पण ते चूक आहे' हा पूर्वपक्ष नव्हे, बुजगावणं झालं, म्हणजे सहज पाडता यावं म्हणून कमकुवत करून मांडलेलं विरोधी मत. त्याऐवजी: 'गृहपाठामुळे मूल एकट्याने अडखळायला आणि सावरायला शिकतं, हे खरं, पण त्यासाठी घरात शांत कोपरा आणि वेळ लागतो, आणि तो सगळ्यांकडे सारखा नसतो.' इथे जेवढं मान्य करायचं तेवढं केलं आणि वाद नेमका कुठे आहे तेही दाखवलं. (तो 'पण' कुठे टाकायचा यावर मी स्वतः बराच वेळ घालवतो.)

जागेचं म्हणाल तर ठरावीक नियम नाही. शंका अगदी ढळढळीत असेल तर सुरुवातीलाच घ्या. आणि खंडन जमतच नसेल तर आपलं विधान आखडतं घ्या, 'नेहमी'च्या जागी 'बहुधा' लिहा.