पट्टी बदलण्याआधी कॉर्ड ऐकावी

रोज वेगळ्या पट्टीतला बॅकिंग ट्रॅक (साथीचे तयार ध्वनिमुद्रण) लावूनही त्यावर वाजवलेला गिटारचा सोलो एकसारखाच ऐकू येतो, ही आपली तक्रार रास्त आहे. मात्र दोष पट्टीत नसून बोटांच्या सवयीत असावा. ए मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या सप्तकाचा पाचव्या फ्रेटवरचा (गिटारच्या दांडीवरच्या पडद्यावरचा) साचा आठव्यावर नेला की सी मायनर होते, पण हात तेच वाजवतो. त्यापेक्षा ए पट्टीतला १२ बारचा (बारा मापांच्या आवर्तनाचा) संथ ब्लूज घ्यावा आणि ए७ या कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावरून) डी७ येते नेमक्या त्या क्षणी तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटवरच्या सी शार्पवरून पाचव्यावरच्या सी वर उतरावे. एका फ्रेटचा हा उतार कॉर्ड बदलल्याचे कानाला स्पष्ट सांगतो. ई७ आल्यावर चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटचा जी शार्प धरावा. आठवडाभर एवढेच, कंटाळा आला तरी.

मग पट्टी तीच ठेवून शैली बदलावी. ए मायनर आणि डी७ या दोनच कॉर्डच्या फंक ट्रॅकवर एफ शार्प खुलतो, तर एफ मेजर असलेल्या संथ रॉक ट्रॅकवर त्या कॉर्डवर तोच स्वर खटकतो. (एकाच कॉर्डवर रेंगाळणारा ट्रॅक तानपुऱ्यासारखा सोपा वाटतो, पण तिथे वाक्य कुठे संपवायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते.)