मोगली, शेरखान आणि रविवारची सकाळ: तुमच्या आठवणी लिहा

परवा लेकीला मोबाईलवर मोगलीचा एक भाग दाखवला. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणते, आई हा डोरेमॉनच्या गावचा आहे का, डोळे बघ ना त्याचे. म्हटलं छे गं, हा आपल्याकडचा, सिवनीच्या जंगलातला. नंतर शोधलं तर पोरगीच बरोबर! निप्पॉन अ‍ॅनिमेशन नावाच्या कंपनीने १९८९ ला जपानी टीव्हीसाठी केलेली ५२ भागांची सिरीयल, आपल्याकडे दूरदर्शनवर आली ती हिंदीत डब होऊन. इतकी वर्षं मला पत्ताच नाही. गाणं गुलजारचं, चाल विशाल भारद्वाजची, नावं अकेला, बल्लू, बगीरा, मग परकं वाटणार तरी कसं? तर मंडळी, लिहा. कुठे बघायचात, कोण आवडायचं, काय काय उद्योग केलेत.

*

शेरखान!! आवाज नाना पाटेकरांचा आहे हे वडिलांनी सांगितलं तेव्हापासून भीती दुप्पट झाली. चाळीत शेरखान व्हायला सगळे तयार, मोगली व्हायला कोणीच नाही, कारण मोगलीला नुसत्या चड्डीवर फिरायला लागायचं आणि थंडीचे दिवस. शेवटी सगळ्यात लहान म्हणून मला उभं करायचे. मोगलीकडे ते लाकडी बूमरँग असायचं ना, तसं मी क्रिकेटच्या मोडक्या स्टंपला पट्टी ठोकून केलं होतं. गच्चीवरून फेकलं, ते काही परत आलं नाही, खालच्या काकू मात्र आल्या, हातात बूमरँग आणि तोंडात माझं नाव, पापड वाळत घातले होते त्यांनी.

*

आमचं जरा वेगळं आहे. आम्ही धनगर, सोलापूरकडचे. टीव्ही सरपंचांच्या घरी, रविवारी आम्ही पोरं खिडकीला लटकून बघायचो. एकदा आज्जाला पण नेलं, म्हटलं चल लांडग्याचा पिक्चर आहे. घोंगडी गुंडाळून बसला बिचारा आणि लांडगीण माणसाचं पोर सांभाळते बघून जो हसायला लागला, म्हणला खुळी हाईत का रं ही माणसं, अरे ती रात्री वाघर उचकून कोकरू नेती, आन तुमी तिला आई म्हणताय व्हय. (वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ते जाळं.) मला लय लाज वाटली, आजूबाजूची पोरं बघत होती. पण घरी येताना तोच म्हणला की तिलाबी पिलं असत्यात, एखादं कोकरू तिच्या वाट्याचंच धरायचं, रोज नेलं तर मात्र कुत्री सोडायची. तेव्हा कळलं नाही. आता नान्नजच्या माळढोक अभयारण्यात लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि लांडगा दिसला तर केवढे खूश होतात, माझा मुलगा पण त्यातलाच एक. आज्जा असता तर परत हसला असता. पण खरं सांगतो, गोष्टीत लांडगा म्हणजे लबाड नाहीतर खादाड एवढंच ऐकलं होतं, अकेलासारखा म्हातारा, शब्दाला पक्का लांडगा पहिल्यांदा तिथेच बघितला आणि तो मला आज्जासारखाच वाटायचा. हे त्याला कधी बोललो नाही.

*

नागपूरकर हजर. पेंचचं जंगल आमच्या उशाला, सिवनीला जाताना हायवेखालून जनावरांसाठी मोठे मोठे रस्ते काढलेत आता. लहानपणी मामाकडे जाताना बसच्या खिडकीतून मोगली दिसतो का बघायचो, दिसली ती फक्त माकडं, ती पण डबा पळवणारी. बाकी मोगलीची मूळ गोष्ट लिहिणारा किपलिंग जन्माने मुंबईचा, १८६५ चा, हे कोणीतरी लिहीलच म्हणून मीच लिहून टाकतो.

*

मी बरीच वर्षं टोकियोत आहे. इथल्या ऑफिसात मोगलीचं गाणं म्हणून दाखवलं तर कोणाला काही ओळखू आलं नाही, साहजिक आहे, ते गाणं आपल्याकडचंच. मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. उएनोच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेला जपानी लांडगा आहे, अगदी छोटा, गावच्या कुत्र्याएवढा. १९०५ ला नारा भागात शेवटचा सापडला, त्यानंतर संपलेच. म्हणजे ज्यांनी आपल्याला लांडग्यांचं कुटुंब दाखवलं त्यांच्या स्वतःच्या रानात तेव्हा ८४ वर्षं लांडगाच नव्हता! आणि असं नाही की त्यांना त्याचं वावडं होतं, चिचिबूच्या डोंगरात मित्सुमिने नावाचं देऊळ आहे, तिथे दाराशी दगडी लांडगेच बसवलेत. पिकं खाणाऱ्या हरणा-डुकरांना हाकलतो म्हणून शेतकरी त्याला मानायचे. मी गेले तेव्हा धुकं होतं आणि त्या लांडग्यांसमोर उभी राहून चक्क जंगल जंगल गुणगुणत होते. कोणी ऐकलं नाही एवढं बरं.

*

बल्लूच बेस्ट. एवढंच लिहायला लॉगिन केलं.

*

वरचा धनगर मीच. टोकियोवाल्या ताईंचं लिहिलेलं आत्ता वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, देवळाचं दोनदा वाचायला लावलं, हात जोडले आणि विचारलं, "मग आता हरणं-डुकरं कोण हाकलतंय त्यांची?"