सापशिडीवर ‘ओटीपी सांगू नका’ छापलं म्हणून कोणी शहाणं होतं का?

बारभाई (धागाकर्ता)

हल्ली जनजागृती म्हटलं की कोणीतरी सापशिडी छापतंच. डेंग्यूची, मतदानाची, कचऱ्याची, आता सायबर फसवणुकीची. मैदानात भलामोठा फ्लेक्स अंथरायचा, पोरांनाच सोंगट्या करून उभं करायचं आणि पाहुण्यांच्या हातून थर्माकोलचा फासा टाकून घ्यायचा. सापाच्या तोंडाशी ‘ओटीपी सांगितला’, शिडीच्या पायथ्याशी ‘१९३० वर (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर) तक्रार केली’. फोटो झकास येतात.

पण यात पोरगं स्वतः ठरवतं काय? फासा चार पडला म्हणून त्याने ओटीपी सांगितला. पाच पडला असता तर वाचला असता. म्हणजे फसणं न फसणं नशिबावर आहे, हेच त्याला शिकवलं. नेमकं उलटं!

माझं म्हणणं एवढंच, की खेळ शिकवतो तो नियमांतून. पटावर काय रंगवलंय त्यातून नाही. आपण मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळलो, त्याचं मूळ बघा. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईने १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमिनीच्या भाड्यावर मालक कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना दिसावं म्हणून. तिच्याकडे नियमांचे दोन संच होते. एकात एकटा मालक सगळं गिळतो, दुसऱ्यात एकाची भरभराट झाली की सगळ्यांना वाटा मिळतो. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने त्यावरूनच आलेला ‘मोनॉपली’ बाजारात आणला; आपला ‘व्यापार’ त्याचाच देशी अवतार. मॅगीबाईंच्या हातावर पेटंटचे ५०० डॉलर टेकवले आणि खेळात उरला तो पहिलाच संच. तेव्हापासून जगभरची पोरं सख्ख्या बहिणीला दिवाळखोर करून टाळ्या पिटतायत. बाईंचा हेतू चांगला असून उपयोग झाला नाही, कारण नियम दुसरंच काही शिकवत होते.

तेव्हा फ्लेक्सवरचा खर्च बंद करा, असं माझं स्पष्ट मत. बोला.

टवाळ_टिंग्या

‘व्यापार’मध्ये मी कायम बँकर असायचो. आज बँकेत कॅशियर आहे, अजून दुसऱ्याचेच पैसे मोजतोय. कोण म्हणतं खेळातून शिकता येत नाही?

झेडपीचा_मास्तर

बारभाई, फ्लेक्सवाल्यांवर राग असेल तर त्यांना झोडपा, सापशिडीला कशाला? पहिली-दुसरीला शिकवताना एवढ्या पैशात इतकी चांगली संख्यारेषा मला दुसरी मिळत नाही. सरकारचा खेळ-खेळण्यांचा शैक्षणिक संच ‘जादुई पिटारा’ २०२३ मध्ये आला. आमच्याकडे सापशिडी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आणि तुमचं ते ‘पटावर काय रंगवलंय त्यातून नाही’ सरळ खोडून काढता येतं. अमेरिकेत सीगलर आणि रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला १ ते १० आकड्यांचा पट दिला, दुसऱ्याला तसाच पट पण आकड्यांच्या जागी रंग. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका. आकडेवाल्या गटाची संख्यांची समज चांगलीच वाढली आणि नऊ आठवड्यांनी तपासलं तरी टिकून होती. रंगवाल्यांची तशी वाढली नाही. म्हणजे फाशाऐवजी फिरवायची चकती तीच, नियम तेच, फरक काय तो चौकटीत छापलंय त्याचा. आता बोला.

बारभाई

गुरुजी, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या प्रयोगात मुलाला प्रत्येक घरावर सोंगटी ठेवताना तो आकडा मोठ्याने म्हणायचा होता. हा नियमच झाला की! आणि सीगलरनीच पुढे २०१४ मध्ये लास्कीसोबत १०० घरांचा पट घेऊन हे तपासलं. दरवेळी ‘एक, दोन, तीन’ मोजत जाणाऱ्या मुलांपेक्षा घरावरचा आकडा म्हणत पुढे जाणारी मुलं जास्त शिकली. पट दोघांकडे सारखाच होता. मग फरक छापण्याचा की करण्याचा?

झेडपीचा_मास्तर

ते मान्य, वर्गात रोज बघतो. सोंगटी २६ वर, फासा पडला चार. पोर ‘एक, दोन, तीन, चार’ करत टणाटण उड्या मारतं आणि ३० वर बसतं. आपण कुठून कुठे आलो याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून आमच्या वर्गात नियम आहे: ‘सत्तावीस, अठ्ठावीस’ असं म्हणायचं, चुकलं तर सोंगटी जागेवर. एकोणतीसला हमखास गाडी अडते. मग बाकीची चार पोरं ओरडून सांगतात, त्यात त्यांचाही सराव होतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ म्हटलं म्हणून एवढा गदारोळ झाला, त्यातल्या किती जणांनी पोरांबरोबर बसून सापशिडी खेळली असेल देव जाणे.

पण पट नसता तर हा नियम लावला कशावर असता? माझा मुद्दा तोच आहे.

ओवी

जरा वेगळ्या बाजूने. सापशिडीचा आपल्याकडचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर घालते. जुन्या पटांवर काम, क्रोध, मद, मत्सर असे साप असतात, शिड्या मात्र कमी. खेळायचा कवड्यांवर, आणि दान काय पडेल ते आपल्या हातात नाही.

बारभाईंच्याच फूटपट्टीने मोजलं तर मोक्षपट पुरेपूर शिकवतो. दान हातात नाही, घसरण जागोजागी आहे आणि घसरलात तरी पुन्हा खालून सुरुवात करता येते. प्रारब्ध हीच तिथली शिकवण असल्यामुळे कवड्या हव्यातच. साहेबाने पट उचलून नेला आणि हळूहळू साप-शिड्या सारख्या संख्येने मांडल्या. आशय तिथेच पातळ झाला. आता आपण त्याच साच्यात ओटीपी कोंबतोय. मोक्षाला जो साचा चालतो तो बँक खात्याला कसा चालेल?

गटप्रवर्तक_ताई

तुमचं सगळं वाचलं. आता गावात या.

आम्ही ‘ॲनिमियावर मार्गदर्शन’ म्हणून बोलावलं की पाच बायका येतात, त्यातल्या दोन आशाताईच. सापशिडी मांडली की ओसरी भरते, सासवासुद्धा येतात. आमच्या पटावर एक साप आहे, ‘लोहाची गोळी चहासोबत घेतली’. परवा एक सासूबाई तिथून थेट खाली घसरल्या आणि माझ्यावरच खेकसल्या, ‘मग कशासोबत घ्यायची गं? आमच्यात सगळ्या चहासोबतच घेतात!’ तिथे खेळ थांबला. चहाने लोह अंगी कमी लागतं, लिंबूपाण्यासोबत घ्या, काळ्या शौचाला घाबरू नका, सगळं बोलून झालं. कोणाच्या सुनेने गोळ्या डब्यात दडवून ठेवल्यात तेही बाहेर आलं. फासा अर्धा तास तसाच पडून.

तुम्ही म्हणाल बाई काही ठरवत नाही, नुसती घसरते. घसरली म्हणून तर भांडली ना?

बारभाई

ताई, मग शिकवलं तुम्ही, खेळाने नाही. तुमच्याऐवजी तो पट नुसता वाटून दिला असता तर?

गटप्रवर्तक_ताई

आणि पट नसता तर मी शिकवलं असतं कोणाला? भिंतीला?

चाकणवाला

आमच्या कंपनीत ट्रेनिंगला ‘बिअर गेम’ खेळवतात (नाव ऐकून गर्दी होते, प्यायला काही मिळत नाही). अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या सुमाराला निघालेला आहे. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना असे चौघे. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी सरकवायची. माल उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक जण घाबरून जास्त मागवतो. कारखान्यापर्यंत जाताजाता ऑर्डरी आभाळाला भिडतात, मग एकाएकी सगळ्यांची गोदामं तुंबतात. शेवटी विचारलं की सगळे म्हणतात, गिऱ्हाईकच येडं होतं. मग पत्ते उघडतात. गिऱ्हाइकाची मागणी सगळ्या खेळात एकदाच बदललेली असते, चारवरून आठ. त्यानंतर एकदाही नाही. त्या क्षणी पंचवीस वर्षं परचेसमध्ये काढलेल्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

म्हणून बारभाईंना अनुमोदन, स्वतः निर्णय घेऊन आपटल्याशिवाय कळत नाही. पण सोमवारी काय होतं तेही ऐका. तेच लोक त्याच भीतीने दुप्पट ऑर्डर टाकतात. माल संपला तर बोलणी कोणाला बसणार हे खेळाने बदललेलं नसतं. कळतं सगळं, करता काहीच येत नाही.

शंकासुर

चाकणवाल्यांनी दुखरी नस पकडली. मला तर खेळाचाच संशय आहे. बक्षिसं, गुण, बिल्ले लावले की मूल बिल्ल्यासाठी करायला लागतं. १९७३ मध्ये लेपर आणि मंडळींनी बालवाडीत हे दाखवलंय. चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना आधी प्रशस्तिपत्राचं आमिष दाखवलं, तर नंतर ती आपणहून स्केचपेनांकडे कमी वळली.

आणि ‘निर्णय घ्यायला लावा म्हणजे शिकतील’ म्हणणाऱ्यांसाठी जपानी नौदलाची गोष्ट. मे १९४२, प्रशांत महासागरातल्या मिडवे या अमेरिकी तळावरच्या स्वारीआधी टेबलावर युद्धखेळ चालू होता. फाशाने निकाल दिला की अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले, अकागी आणि कागा या दोन्ही विमानवाहू नौका बुडाल्या. पंच होते ॲडमिरल उगाकी. ते म्हणाले नऊ जास्त होतात, तीनच धरा. अकागी वाचली. बुडालेली कागासुद्धा पुढच्या मोहिमेच्या खेळात पुन्हा तरंगायला लागली. महिनाभराने खऱ्या लढाईत दोन्ही तळाला गेल्या, सोबत आणखी दोन. खेळाने धोका दाखवला होता, पण साहेबांना तो बघायचा नव्हता.

ओवी

@शंकासुर, पण यात दोष खेळाचा की पंचाचा? त्या दिवशी टेबलावर खरं बोलणारा एकटा फासाच होता.

गटप्रवर्तक_ताई

जपान राहू द्या. पुढच्या मंगळवारी ‘मोबाइलवरची फसवणूक’ हा विषय आहे, पंचवीसेक बायका, हातात पाऊण तास. बारभाई, फासा नको म्हणता ना, मग काय देऊ ते सांगा.

बारभाई

दोन-दोनच्या जोड्या करा. एक ठग, एक गिऱ्हाईक. ठगाला चिठ्ठी द्या: ‘वीज आज रात्री कापणार’, ‘केवायसी संपलं’, ‘मुलगा पोलिसांत अडकलाय’. तीन मिनिटांत समोरच्या बाईकडून सहा आकडे काढून घ्यायचे. मग अदलाबदल. २०१८ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी डच गटासोबत ‘बॅड न्यूज’ नावाचा खेळ काढला, त्यात खेळणारा स्वतःच खोट्या बातम्या पसरवतो आणि त्यातून युक्त्या ओळखायला शिकतो. कल्पना तीच.

गटप्रवर्तक_ताई

हे जमेल. ठग आधी सासवांना करते, म्हणजे कोणी गप्प बसणार नाही. दवंडी मात्र सापशिडीचीच देणार, चालेल ना?

टवाळ_टिंग्या

ताई, बायकांना बोलवायलाच खोटी जाहिरात? पहिला ठग सापडला.